धुरळ्याचे एमबी

हिंगोली जिल्ह्यात मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक नाही. तरीही गेली काही वर्षं मी स्वतःला शर्यतींचा फोटोग्राफर म्हणवून घेतो, आणि आमच्या गल्लीत अजून कुणी हरकत घेतलेली नाही. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा हातात थोडे पैसे आले. बायकोला वाटलं, आता चारधाम होईल. मी कॅमेरा आणला. औंढा नागनाथासारखं ज्योतिर्लिंग तासाभरावर असताना एवढ्या लांब कशाला जायचं, हा माझा मुद्दा तिनं ऐकून घेतला. मान्य केला नाही.

कॅमेऱ्याच्या मेनूत पहिल्याच पानावर एक प्रश्न होता. फोटो रॉ ठेवायचे की जेपेग? बँकेत जन्म काढलेल्या माणसाला फॉर्म भरण्याचं भय नसतं. पण ह्या एका रकान्यापाशी मी जो अडलो, तो अडलोच.

आधी शर्यतींबद्दल सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी गल्लीतल्या सायकलींचेच फोटो काढतो. आमच्या भागातल्या खऱ्याखुऱ्या मोटारस्पोर्टचं नाव आहे ट्रॅक्टर रिव्हर्स स्पर्धा. जत्रेत, एखाद्या उत्सवात मोकळं रान बघून चुन्याच्या दोन रेघा मारतात. ट्रॅक्टरला मागे ट्रॉली जोडलेली असते, आणि रेघेला चाक न लावता हे सगळं लटांबर कमीत कमी वेळात उलटं न्यायचं असतं. जगभरच्या मोटारी पुढे जाण्यासाठी धडपडतात. आमच्याकडे बक्षीस मागे जाणाऱ्याला मिळतं. गंमत अशी, की ट्रॉली डावीकडे वळवायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. ज्यानं संसार केलाय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

फोटोग्राफरच्या दृष्टीनं हा खेळ अवघड आहे. फोटोत वेग दाखवता येत नाही, कारण तो नसतोच. आणि ड्रायव्हर पूर्ण वेळ मागे बघत असतो. पहिल्या स्पर्धेत मी मोठ्या ऐटीत ट्रॅक्टरच्या तोंडापाशी उभा राहिलो, आणि बत्तीस फोटोंत मिळून बत्तीस माना आल्या. चेहरा हवा असेल तर ट्रॉलीच्या मागे जावं लागतं, म्हणजे नेमकं जिथं ट्रॉली यायची असते तिथं. दातांत धरलेली दस्ती, कपाळावरचा घाम, डोळ्यांत ट्रॉलीच्या आसाचा हिशोब, हे सगळं तिथूनच दिसतं. मी दोनदा तिथं उभा राहिलो. तिसऱ्यांदा पंचांनी माइकवरून नाव घेऊन बाहेर काढलं.

दुसरी शर्यत शंकरपटाची. तिला मोटार नसते हे कबूल. पण मोटारीची ताकद आपण घोड्यांत मोजतो, मग दोन बैलांनीच काय घोडं मारलंय? पुण्याकडे बैलगाडा म्हणतात, आमच्याकडे आणि विदर्भात पट. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट नामांकित आहे. हलकी छकडी, तिला जुंपलेली जोडी, छकडीवर जेमतेम टेकलेला धुरकरी, आणि सेकंदाचे तुकडे मोजणारं घड्याळ. तंबाखू मळायला घ्यावी तोवर धाव संपलेली असते. त्यानंतर अर्धा घंटा लोक त्या धावेवर बोलतात.

मध्यंतरी हे सगळं बंद होतं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्राला अटींसह परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. आता जनावराला मारायचं नाही, विजेचा झटका द्यायचा नाही, आणि शर्यतीचं चित्रीकरण करून प्रशासनाकडे द्यायचं, असे नियम आहेत. बैलांच्या दृष्टीनं ह्या नियमांचं महत्त्व उघडच आहे. पण गावोगावच्या स्टुडिओवाल्यांनाही त्यातून चार दिवसांचं काम मिळालं, आणि त्याबद्दल कुणी न्यायालयाचे आभार मानलेले माझ्या पाहण्यात नाहीत.

अशाच एका स्टुडिओत अण्णा बसतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. माझ्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढलेले, त्यामुळे ते मला अजून अरेतुरे करतात. पुण्याचा माझा भाचा कॉम्प्युटरमध्ये आहे. तो म्हणाला होता, “मामा, डोळे झाकून रॉमध्ये काढा. सेन्सरनं पाहिलेलं सगळं त्यात शिल्लक राहतं. जेपेग म्हणजे कॅमेऱ्यानं परस्पर घेतलेला निर्णय.” हे मी अण्णांना ऐकवलं. ते म्हणाले, “मग घेऊ दे की. तुला कुठं येतोय घ्यायला?”

वाद तिथून सुरू झाला. मी त्यांना समजावलं, की जेपेगमध्ये एकेका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात आणि माझ्या कॅमेऱ्याच्या १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. भर दुपारी पांढराशुभ्र बैल काळ्या रानात पळतो तेव्हा उन्हात त्याची पाठ जेपेगमध्ये कोऱ्या कागदासारखी होते. रॉमध्ये बेतानं घेतलं असेल तर त्या पाठीवरचा घाम, शिरा, गोंदलेला आकडासुद्धा नंतर वर काढता येतो. अण्णांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “एक फोटो केवढ्याचा?”

“पंचवीस-तीस एमबीचा.”

“आन जेपेग?”

“सहा-सात.”

“म्हंजे ओली हळद आन वाळलेली हळद.”

ह्या माणसानं आयुष्यात कधी मॅन्युअल वाचलेलं नाही, पण हिशोब बरोबर केला. आमच्या भागात हळद काढली की ती शिजवतात, पंधरा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात, मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश करतात. पाच क्विंटल ओल्या हळदीची साधारण एक क्विंटल वाळलेली होते. उरलेलं पाणी असतं, ते गेल्याचं दुःख कुणी करत नाही. “ओली हळद घेऊन कोणी मोंढ्यात जातंय का रे?” अण्णा म्हणाले. “वसमतच्या बाजारात जाऊन बघ, पोत्यात हात घातला तर खण्‌ वाजली पाहिजे. तू तर चिखलासकट कांड्या घरात भरून ठेवायलास.”

मला उत्तर सुचलं नाही. सुचलं ते घरी आल्यावर, जिन्यात. ओली हळद पुढच्या वर्षी बेणं म्हणून रानात लावता येते, पॉलिश केलेली नाही. हे मी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. अण्णा म्हणाले, “लावली का मग?”

लावली नव्हती. हीच तर माझी गोची आहे. रॉ म्हणजे निर्णय पुढे ढकलण्याची सरकारमान्य सोय. उजेड किती, रंग कोणता, सावली कितपत गडद, सगळं नंतर ठरवू. आणि नंतर म्हणजे कधी, तर लाइट असेल, डोळे दुखत नसतील आणि नातवाला कॉम्प्युटर नको असेल, तेव्हा. असा दिवस वर्षातून तीनदा येतो.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. भाच्यानं तिकीट काढलं, मी रात्रीची ट्रॅव्हल्स धरली. मैदानात मातीचे डोंगर रचलेले, आणि त्यावरून मोटरसायकली अशा उडत होत्या की आमच्या रस्त्यांवरचे गतिरोधक मला एकदम सौम्य वाटू लागले. मी प्रेक्षकांतून रॉमध्ये सलग फोटो घ्यायला लागलो. माझ्या कॅमेऱ्याच्या बफरमध्ये वीसेक रॉ बसतात. सेकंदाला दहाच्या वेगानं त्यांना दोन सेकंद पुरतात. मोटरसायकल चढाला लागली, मी बटण दाबलं. ती वर चढली, टोकाला आली, आणि कॅमेरा थांबला. लाल दिवा लुकलुकत राहिला. चार जण हवेत एकमेकांना ओलांडत होते, आणि मी जनगणनेच्या कारकुनासारखा कार्ड लिहून व्हायची वाट बघत होतो. माझ्याकडे त्या उडीच्या तयारीचे वीस उत्कृष्ट फोटो आहेत. उडीचा नाही. शेजारच्या पोरानं मोबाइलवर टिपलेली उडी भाच्यानं त्याच्याकडून मागून घेतली आणि मला पाठवली. जेपेगच होती.

परतीच्या प्रवासात ह्या जेपेगचं मूळ काय ते वाचत बसलो. त्याच्या पोटातलं गणित आहे नासिर अहमद ह्यांचं, जन्म बंगळूरचा. अमेरिकेत कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवत असताना १९७२ मध्ये त्यांनी ह्या कल्पनेवर काम करायला नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. प्रस्ताव नामंजूर झाला. कल्पना फार सोपी वाटली म्हणे. त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव ह्यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये शोधनिबंध छापला, आणि पुढे १९९२ च्या जेपेगच्या मानकात तेच गणित बसलं. आज सकाळच्या ‘शुभ प्रभात’च्या फुलांपासून लग्नपत्रिकांपर्यंत जे जे मोबाइलवर येतं, त्यातलं बहुतेक त्या नामंजूर प्रस्तावाच्या जिवावर येतं. ‘योजना फारच साधी आहे’ असा शेरा मारून कर्जाचे अर्ज परत पाठवणारा अधिकारी मीही होतो, त्यामुळे ह्या प्रसंगात माझी सहानुभूती दोन्ही बाजूंना आहे.

त्यांची युक्ती ढोबळमानानं अशी. फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात ढोबळ बदल कोणते आणि बारीक कोणते हे वेगळं काढायचं. मग डोळ्याला फारसं न जाणवणारं बारीक तेवढं टाकून द्यायचं. आभाळ, भिंत, नवरीचा मेकअप केलेला गाल ह्यांचं काही बिघडत नाही. पण पटाच्या फोटोत सगळं बारीकच असतं. काळ्या मातीचा धुरळा, बैलाच्या शेपटीचे केस, बंधाऱ्यावर बसलेली चारशे डोकी. कॅमेऱ्यातलं चांगलं जेपेग हे निभावून नेतं. तेच व्हॉट्सअ‍ॅपवरून तीन मोबाइल फिरून आलं, की धुरळ्याचे चौकोनी ठोकळे होतात. बैल वीटभट्टीतून पळत आल्यासारखे दिसतात.

एक प्रयोग मी आपण होऊन केला. शटरच्या आवाजानं बैल बुजतील म्हणून कॅमेरा बिनआवाजाच्या शटरवर ठेवला. आजूबाजूला हलगी, शिट्ट्या आणि दोन भोंग्यांवर चाललेलं समालोचन होतं, त्यात माझ्या कॅमेऱ्याची कटकट कुणाला ऐकू जाणार, हा विचार नंतर सुचला. बिनआवाजाच्या शटरमध्ये सेन्सर फोटो एकदम घेत नाही, ओळीओळीनं वाचतो. तेवढ्यात छकडी पुढे सरकते. घरी येऊन पाहिलं तर सगळी चाकं कललेली. अण्णांनी चष्मा वर करून विचारलं, “आख मोडला का रे?”

त्यांना मी झाक आंरी लार्तिगची गोष्ट सांगितली. विशीही न गाठलेला हा फ्रेंच पोरगा शंभरेक वर्षांपूर्वी ग्राँ प्रीच्या शर्यतीत कॅमेरा घेऊन उभा होता. गाडीबरोबर कॅमेरा फिरवला, पण जुळलं नाही. गाडी अर्धी कापली गेली. शटरची फट वरून खाली सरकत असल्यानं चाक लंबगोल होऊन पुढे कललं, आणि मागची माणसं उलट्या बाजूला झुकली. फोटो फसला म्हणून त्यानं बाजूला टाकला. पुढे १९६३ साली, तो एकोणसत्तर वर्षांचा असताना, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं त्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं, आणि आज तो फसलेला फोटो वेगाचा सगळ्यात गाजलेला फोटो मानला जातो. कार्टूनवाले पळती गाडी पुढे कललेली काढतात, तशीच ती दिसते. तेव्हापासून मी वाकडी चाकं पुसत नाही. पन्नास वर्षं थांबायची माझी तयारी आहे. बाकी गोष्टी तब्येतीवर.

कच्चं जपून ठेवण्याच्या बाबतीत जिल्ह्यात आता मला एक मोठा शेजारीही मिळणार आहे. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा होते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांत प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान अशी थरथर मोजायची. अमेरिकेतल्या तशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला दोन कृष्णविवरांची टक्कर ऐकली. एकशेतीस कोटी प्रकाशवर्षं प्रवास करून आलेली ती खूण सेकंदाच्या पाचव्या हिश्शात संपली. बालेवाडीतल्या उडीपेक्षाही कमी वेळात. त्यांचा बफर भरलेला नव्हता, हे मी बायकोला मुद्दाम वाचून दाखवलं. ती म्हणाली, “त्यांच्या हार्ड डिस्क त्यांच्या बायकांच्या साडीच्या कपाटात नसतील.”

माझ्या बाजूला माझ्या बायकोखेरीज आणखी कोण कोण नाही, हे मला एकदा बातमी वाचताना कळलं. रॉयटर्स ह्या वृत्तसंस्थेनं नोव्हेंबर २०१५ मध्ये आपल्या बाहेरच्या फोटोग्राफरांना कळवून टाकलं होतं, की रॉवरून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातच जेपेग झालेला असेल तो पाठवा. कारणं दोन. बातमी लवकर पोचली पाहिजे, आणि फोटोत नंतर कुणाचा हात फिरलेला नसावा. नेमकी ही बातमी अण्णांना कुणी सांगितली कोण जाणे. तिचा प्रिंट त्यांनी स्टुडिओच्या काचेला, पासपोर्ट फोटोच्या दरपत्रकाशेजारी चिकटवला आहे. काही आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मात्र विजेत्याला मूळ रॉ दाखवावी लागते, हे मी त्याखाली पेनानं लिहिलं. ते त्यांनी पुसलं नाही. दरपत्रक थोडं सरकवून त्यावर आणलं.

आता त्या सेनगावकडच्या शेतकऱ्याचं सांगायलाच हवं. त्याची जोडी एका पटात पहिली आली. संध्याकाळी तो मोटरसायकलवर माझ्याकडे आला. रात्रीतून फ्लेक्स लावायचा होता. मी म्हणालो, “फोटो रॉमध्ये आहेत. बसून करावे लागतील. आठ दिवसांत देतो.” त्यानं विचारलं, “कच्चे हायेत काय?” मी हो म्हणालो. “मग राहू द्या, पिकू द्या,” म्हणून तो गेला, तो रागावला नव्हता. फ्लेक्स लागला, त्यावर त्याच्या पोराच्या मोबाइलवरचा फोटो होता. ठोकळे ठोकळे झालेला. बैल ओळखू येत होते. फोटो पोराचा असल्यानं पोराचं डोकंही एका कोपऱ्यात बसवलं होतं, बैलांपेक्षा मोठं.

पोळ्याच्या थोडं आधी तो पुन्हा आला. जोडीतला उजवा बैल गेला होता. “तुमच्याकडचे पिकले का, बघा म्हणलं,” एवढंच बोलला. मला त्या रात्री झोप आली नाही, म्हणून कॉम्प्युटर लावला. फाइल सापडली. भाच्यानं शिकवलेलं सगळं केलं. पाठीवरचं ऊन उतरवलं, सावलीतला धुरकरी वर काढला. एक पट्टी असते, ती सरकवली की धुरकट फोटो लख्ख होतो. तीही टोकापर्यंत सरकवली. बैलाच्या डोळ्यात धावपट्टी दिसत होती, इतकं स्वच्छ. मोठ्या कागदावर प्रिंट काढला आणि सकाळी त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला.

“लई साफ झालाय,” तो म्हणाला. “धुरळा कुठं गेला, साहेब?”

मी घरात गेलो, पट्टी होती तिथं परत आणून ठेवली, आणि दुसरा प्रिंट काढला. धुरळा तसाच्या तसा होता, एक कणही कमी झालेला नव्हता. तेवढा एक दिवस मी रॉच्या बाजूनं पूर्णपणे जिंकलो असं मला वाटतं. अण्णांना हे सांगितलं तर त्यांनी काही उलट बोलायचं सोडून माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढायला लावला. त्यात आमच्या लग्नाच्या निगेटिव्ह होत्या. “घेऊन जा. आता तूच सांभाळ,” म्हणाले. कपाटात आता तोही डबा आहे.

हल्ली मी कॅमेरा ‘रॉ अधिक जेपेग’ ह्या तिसऱ्या पर्यायावर ठेवतो. ज्याला लग्नात दोन्हीकडून जेवणाचं आमंत्रण असतं, त्याची जी अवस्था होते ती कार्डाची होते. जेपेग त्याच संध्याकाळी ज्याचं त्याला पाठवून देतो. रॉ मात्र साठतच चालल्यात. सुगी आटोपून हळदीच्या कढया पेटल्या, की पट पुन्हा लागतील आणि त्यात भर पडेल. तेव्हा हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा इकडच्या ज्यांनी गेल्या काही वर्षांत जोडी पळवली असेल किंवा ट्रॅक्टर उलटा घातला असेल, त्यांचा एखादा फोटो माझ्याकडे असण्याचा बराच संभव आहे. रविवारी सकाळी मी घरीच असतो. येताना पेनड्राइव्ह आणा, आणि जरा मोठा आणा.